उघडे हात

वरचं ऊन कातडी जाळू लागलं, तेव्हापासून चंद्रपूरची माणसं जुन्या कोळसाखाणीत राहत होती. हाडं टिकावीत म्हणून प्रत्येकजण आठवड्यातून दोनदा अतिनील दिव्याखाली बसायचा. ती ऊन-खोली हेमांगी धोटे सांभाळायची.

अडुसष्ट वर्षांच्या वच्छलाबाई आत्राम एकही वार चुकवत नसत, तरी त्यांचं ड जीवनसत्त्व वाढत नव्हतं. मनगट दोनदा मोडलं होतं. हेमांगीने दिवा बदलून पाहिला, वेळ वाढवून पाहिला. शेवटी एकदा ती काचेतून बघत उभी राहिली. दार लागताच बाईंनी पदर तोंडावर ओढला आणि हात लुगड्यात लपवले.

हेमांगी आत गेली. "मावशी, अंग झाकलं तर उजेडाचा काय उपयोग?"

वच्छलाबाईंनी उजवा हात बाहेर काढला. कोपरापर्यंत भाजल्याचे वण होते.

"आमच्या मालकाले उन्हातून वढत सावलीत आणलं, तवा भाजला. ते काही वाचले नाही. हा दिवा लागला का वाटते, तेच ऊन आता मले न्याले आलं."

हेमांगीने आपल्या बाह्या दुमडल्या आणि ती बाकावर त्यांच्या शेजारी बसली. "आलंच तर दोघींना नेईल."

वच्छलाबाईंनी डोळे मिटले. मग हळूहळू दोन्ही हात उजेडात धरले.

त्यानंतर हेमांगी दर वेळी त्यांच्या शेजारी बसत गेली. पाचव्या महिन्यात तपासणीचा आकडा पहिल्यांदा वर सरकला. त्या दिवशी हेमांगी बाकावर टेकणार, तोच वच्छलाबाईंनी तिला थांबवलं.

"तू काहून बसते वं आता? जा, बाहेर लोकं खोळंबले असतीन. माही मी बसतो."