पोटाचं माप

मास्तरांनी टेप पोटाभोवती फिरवला आणि फौजीकाकांनी पोट आत ओढलं. छाती पुढे, खांदे मागे, नजर समोरच्या भिंतीवर.

"सोडा," शिंपीमास्तर म्हणाले.

"सोडलंय."

स्टुलावर बसलेल्या काकूंनी कपाळाला हात लावला. याच मापाने शिवलेला कोट सकाळी काकांनी घालून पाहिला होता. उभे होते तोवर झकास दिसला. बसले मात्र, मधलं बटण उडालं ते थेट मशीनखाली. आणि धाकटीचं लग्न उद्यावर आलेलं.

"थोरलीच्या लग्नात हे असेच," काकू म्हणाल्या. "संध्याकाळभर खांबासारखे उभे. जो येईल तो सलाम ठोकायचा, की हे आणखी ताठ. एका फोटोत हसले असतील तर शपथ. कोटाचं राहू द्या मास्तर, उद्या हे लेकीशेजारी घटकाभर ऐसपैस बसले ना, तरी मी भरून पावले."

तेवढ्यात पलीकडचा औषधवाला आपली पँट न्यायला आला. काकांना पाहताच हातातली पिशवी खाली ठेवून त्याने नमस्कार केला. "तुमच्यामुळे आम्ही निवांत झोपतो हो काका." माणूस मनापासून बोलत होता. काकांना बरं वाटलं, आणि त्यांचं पोट आणखी दोन बोटं आत गेलं.

तो गेल्यावर मास्तरांनी टेप गळ्यात अडकवला.

"काका, राग मानू नका. मला लढाईच पटत नाही. माझा पोरगा फौजेत निघाला असता तर मी दारात आडवा पडलो असतो."

काकू चपापल्या. काका मात्र खूश दिसले. इतकी वर्षं त्यांच्याशी असं सरळ कुणी बोललंच नव्हतं.

"लढाई फौजीला सगळ्यात कमी पटते, मास्तर. पण कुणीतरी उभं राहावं लागतं. मी राहिलो. आवडीने राहिलो, खोटं कशाला बोलू?"

"राहिलात ना? मग आता माझ्या दुकानात कशाला उभे राहताय?" मास्तरांनी दाराचा पडदा ओढून घेतला आणि शाळेतल्या कवायतीच्या सरांसारखा आवाज लावला. "विश्राम!"

काकांचा डावा पाय खाडकन बाजूला गेला. हात पाठीमागे बांधले गेले. पोट होतं तिथेच.

मास्तर बघतच राहिले.

"विश्राममध्ये पोट सुटत नाही," काका ओशाळून म्हणाले. "हलायचं नसतं त्यात. त्याच्यापुढचा हुकूम वेगळा असतो."

तो कुठला, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. काकूंना होतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांची खोली कवायतीच्या मैदानाला लागूनच होती.

"आराम से," त्या हळूच म्हणाल्या.

काकांनी श्वास सोडला. खांदे उतरले, गुडघे सैल झाले आणि पोट सावकाश, गोल गरगरीत, बाहेर आलं. मास्तरांनी चटकन टेप लावला. चार इंचांचा फरक.

काकूंना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी त्या हसतच होत्या.

"अहो, इतकी वर्षं कुठे होतं हे?"

काकांनी पोटावरून हात फिरवला.

"ड्यूटीवर."