उपडी घमेली

"आत काय आहे?" दोरी ओढणाऱ्या माणसांनी ओरडून विचारलं.

"चप्पल!" एबोने घंटा वाजवत हाळी दिली. "तीही एकाच पायाची!"

सगळा किनारा खदखदून हसला. रापण म्हणजे दोन दोऱ्यांनी किनाऱ्यावर ओढून आणायचं लांबलचक जाळं. ती ओढताना हा प्रश्न विचारायचाच असतो, आणि हाळीवाल्याने उत्तरात माशाचं नाव घ्यायचं असतं. एबोचा बाप तारली म्हणायचा, बांगडा म्हणायचा, आणि माणसं इरेला पेटून ओढायची. पण गेले कित्येक महिने समुद्राने हात आखडता घेतला, तसा एबो चप्पल म्हणू लागला, बाटली म्हणू लागला. माणसं हसत, आणि रोज थोडी कमी येत. मासळी विकणाऱ्या बायका तर घमेली वाळूत उपडी घालून त्यांवर बसायला लागल्या होत्या.

आज मात्र थट्टेचा दिवस नव्हता. आज जाळं रिकामं आलं तर ते विकून टाकणार, असं मालक नाना अबाकांनी सकाळीच सांगितलं होतं. उद्या मंगळवार, समुद्राच्या विश्रांतीचा, कुणी होडी लोटायची नाही. बुधवारी गिऱ्हाईक येणार. जाळं गेलं की किनाऱ्यावरची निम्मी घरं आक्रा शहरात हमाली करायला जाणार, हे काय कुणाला सांगायला हवं होतं?

पूर्वेच्या दोरीवर सगळ्यात पुढे फिफी होता, धिप्पाड गडी. एकाएकी त्याच्या टाचा वाळूत रुतल्या.

"एबो, जड आहे रे!"

"असणारच. अख्खं झाड अडकलंय. कमरा मोडून घेऊ नका गड्यांनो, सरपण काय बाजारातही मिळतं!"

पुन्हा हशा पिकला. फिफीही हसला आणि हसता हसता त्याने दोरी सैल सोडली. त्याच्या मागच्यांनीही सोडली. रापण दोन्हीकडून सारखी ओढावी लागते. एक बाजू ढिली पडली की जाळं वाकडं होतं आणि तळाला बांधलेली शिशाची वजनं उचलली जातात. झालंही तसंच. जाळ्याच्या पूर्वेच्या अंगाखालचं पाणी एकदम चकाकलं. तारली! केवढी तारली! उड्या मारत, एकमेकींच्या अंगावर पडत ती खोल पाण्याकडे निघून गेली.

जाळं वर आलं तेव्हा त्यात शेवाळ होतं आणि दोन खेकडे.

एबो वाट पाहत राहिला. कुणीतरी शिवी घालेल, कुणीतरी घंटा हिसकावून घेईल. शिवी घालायलाच हवी होती मेल्याला! पण माणसं दोऱ्या सोडून वाळूत बसली. फिफी आपल्या तळहातांकडे बघत बसला होता, चूक त्यांचीच असल्यासारखा. एबोचे कान तापले. त्याही वेळी त्याच्या जिभेवर एक विनोद आला होता, खेकड्यांवरचा. तो त्याने गिळला आणि त्याला स्वतःची किळस आली.

नाना अबाका जाळं गुंडाळा म्हणून सांगायला उठले, तेवढ्यात मासळीवाल्यांतली अराबा मावशी उपड्या घमेल्यावर बसल्या बसल्या बोलली. होडीच्या तेलाचा खर्च तीच करायची.

"आणखी एकदा टाका. तेल मी देते."

"आणि ओढणार कोण, अराबा?" नाना म्हणाले. "यांच्या हातांत जीव उरलाय का?"

मावशी एबोकडे वळली. "तेल माझं, ते मी देईन. हाळी तुझी बाबा. ती मी कुठून आणू?"

होडी गेली, जाळं टाकून आली. माणसं दोऱ्यांना लागली, लागायचं म्हणून. हाळीवाला बाजूला उभा राहतो, दोरीला हात लावत नाही. एबोने घंटा वाळूत ठेवली. तो कंबरभर पाण्यात उतरला, फिफीच्याही पुढे, आणि त्याने दोरी धरली.

"ओढा!" त्याचा आवाज फाटला. "ओढा रे, भावांनो!"

दोरी रडतखडत सरकत होती. तो प्रश्न काही कुणी विचारेना. कशाला विचारतील? उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

"विचारा ना," एबो म्हणाला. हाळी देऊन नव्हे. मान खाली घालून, साध्या आवाजात. "फिफी, तू तरी विचार."

"तू चप्पल म्हणशील."

"नाही म्हणणार."

फिफीने घसा खाकरला. "आत काय आहे?"

आत काय आहे ते एबोला माहीत नव्हतं. कदाचित खरंच चप्पल असेल. बापाला तरी कुठे माहीत असायचं? इतकी वर्षं हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, याची त्याला फार लाज वाटली.

"तारली!" तो ओरडला. तोंडावर लाटेचं पाणी होतं, त्यामुळे डोळ्यांचं कुणाला दिसलं नाही, एवढं बरं.

"आत काय आहे?" या वेळी पाच-सहा गळे होते.

"तारली!"

"आत काय आहे?"

"तारली! बांगडा! ओढा!"

दोरी ताठ झाली. पश्चिमेचीही झाली. जाळं अजून लांब होतं, आत काय आहे ते कळायला बराच वेळ होता. मागे वाळूवर काहीतरी खणकन वाजलं. मग आणखी एक वाजलं, मग चार-पाच एकदम. एबोने वळून पाहिलं नाही. बायकांना तोंड दाखवायची त्याला अजून हिंमत नव्हती. पण आवाज ओळखीचा होता. अराबा मावशी उठून आपलं घमेलं मासळीसाठी सुलटं मांडत होती, आणि तिचं बघून बाकीच्याही.