पेन्सिलीची खूण

"अण्णा, ही अंडी कुणी फिरवली?" पाळीव किंगस्नेक सापाच्या अंड्यांचा डबा उघडताच सुनेचा चेहरा उतरला.

अण्णांनीच फिरवली होती. त्यांची हयात पोल्ट्रीत गेली. कोंबडीची अंडी रोज उलटली नाहीत तर पिल्लू कवचाला चिकटतं. सून माहेरी गेली, तेव्हा आपलाही हातभार म्हणून त्यांनी एकूणएक अंडं मायेनं उलटून ठेवलं होतं.

"सापाचं अंडं उलटलं की आतलं पिल्लू गुदमरतं, अण्णा. म्हणून तर वर पेन्सिलीची खूण करते." आवाज न चढवता तिनं एकेक खूण पुन्हा वर आणली. अण्णांना त्या दिवशी घास गेला नाही.

सकाळी तिनं खोलीत अंधार केला आणि बॅटरी त्यांच्याच हातात दिली. "अंड्यातला जीव तुमच्याइतका कुणाला कळतो? तुम्ही बघा."

अण्णा तर बोलणी खायच्या तयारीनं आले होते. मग त्यांनी अंड्यावर उजेड धरला. लाल धाग्यांच्या जाळीत एक ठिपका धडधडत होता.

"आहे," ते म्हणाले. "जिवंत आहे." पुढच्या अंड्याकडे वाकताना त्यांनी मोकळा हात पाठीमागे घट्ट धरून ठेवला.