बरणीतल्या अळ्या

मेलेल्या माणसाच्या अंगावर सापडलेल्या अळ्या वाढवणं हे माझं काम. ठरावीक उबेत त्यांच्या माश्या झाल्या, की मागे मोजत जाऊन मरणाचा दिवस सांगता येतो. यावेळी मेली होती एक सून. "आम्ही परगावी गेल्यावर मेली," असं सासरचे सांगत होते, आणि ते वजनदार लोक होते. लॅबमधली ऊबपेटी नेमकी त्याच आठवड्यात बंद पडली.

"गारठ्यानं वाढ थांबली, दिवस सांगता येणार नाही, असं लिहून मोकळी हो," साहेब म्हणाले. मी लिहिलं नाही. निम्म्या अळ्या आधीच बरणीत घालून घरी आणल्या होत्या, टेबलावर बल्बच्या उबेत ठेवल्या होत्या. माझ्या सासूबाईंनी नाक दाबलं. "ही घाण माझ्या घरात नको. फेकून देईन." त्या सुनेचं आणि साहेबांचं सगळं सांगितलं, तरी त्यांनी नाक सोडलं नाही.

सकाळी बरणी जागेवर नव्हती. कचऱ्याचा डबा उपसला, तिथंही नव्हती. तणतणत मी सासूबाईंच्या खोलीचं दार ढकललं. गुडघ्यांमुळे हिवाळाभर हीटरला चिकटून असणाऱ्या सासूबाई लांब कोपऱ्यात दोन शाली गुंडाळून कुडकुडत होत्या. हीटरचं तोंड बरणीकडे होतं, शेजारी माझा थर्मामीटर.

"तुझा बल्ब उडाला होता," त्या म्हणाल्या. "तू खूण केलीस तिथून पारा हलू दिला नाही मी."

मग शाल घट्ट ओढून म्हणाल्या, "जा, सांग तुझ्या साहेबाला. माझ्या अळ्यांच्या माश्या होणार म्हणजे होणार."