बदल: शून्य

हिशोब सरळ होता. शुक्रवारी चारच्या आत नवीन खासगी क्लाउड उभं राहून तपासून झालं, तर विभागप्रमुखाची खुर्ची, खिडकीजवळची केबिन आणि सासुरवाडीत जरा ताठ मान, अशा तिन्ही गोष्टी त्याच्या पदरात पडणार होत्या. नाही झालं, तर खुर्ची ताईला.

ताई म्हणजे त्याच्या बायकोची थोरली बहीण. तिनेच त्याला या कवळ्या बनवणाऱ्या कंपनीत चिकटवलं होतं, आणि ही गोष्ट ती महिन्यातून एकदाच, पण न चुकता, बोलून दाखवायची.

कंपनीकडे एकवीस हजार जबड्यांची मापं होती. ती बाहेरच्या कुणाच्या यंत्रांवर ठेवायची नाहीत, हा मालकांचा हट्ट. म्हणून तळघरात सहा नवे सर्व्हर येऊन बसले होते. त्यांवर सगळं बसवायचं, मापं उतरवायची, तपासायची आणि शेवटी जुने सर्व्हर पुसून टाकायचे, हे सारं त्याने लिहिलेली एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञांची यादी, करणार होती. नवे यायच्या आधी तिची तालीम जुन्यांवरच पंधरा वेळा झाली होती, पुसायची पायरी तेवढी वगळून. तिच्यावर त्याचा डोळे मिटून विश्वास होता.

ताई मात्र तीन दिवस पहिल्या मजल्यावरच्या जुन्या सर्व्हरवरची मापं हाताने डिस्कवर उतरवत बसली होती.

"संग्रहालय काढताय का, ताई?"

"जुनी सवय, जावईबापू. हाताला चाळा."

शुक्रवारी साडेबाराला त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या टेबलावरून स्क्रिप्ट सोडली. अंदाज तीन तासांचा होता. अकरा मिनिटांत सगळं बसवून झालं. स्क्रीनभर हिरव्या ओळी. ताई चष्मा सावरत मागे येऊन उभी राहिली.

"पायऱ्या एकशे बेचाळीस, यशस्वी एकशे बेचाळीस, बदल शून्य," तिने वाचलं. "शून्य?"

"म्हणजे हवं ते आधीच जागेवर आहे. सर्व्हर विकणाऱ्यांनीच बसवून पाठवलं असणार. आयतं काम झालं!"

"मी आत्ताच खाली जाऊन आले. फार शांत आहे हो तिथे."

"नवे आहेत, ताई. जुन्यांसारखे दमेकरी नाहीत."

"एकदा डोळ्यांनी बघून तर या."

"डोळ्यांनीच बघायचं होतं, तर स्क्रिप्ट कशाला लिहिली?"

ताई हसली. "तेही खरंच. तपासणीच्या अहवालावर माझी सही हवीय?"

"नको, माझी एकट्याची पुरे." खुर्ची एकच होती. सह्या दोन कशाला?

"बरं," म्हणून ती आपली कापडी पिशवी उचलून जागेवर गेली.

तपासणीही हिरवीगार निघाली. एकवीस हजारांपैकी एकवीस हजार मापं हजर, एकही दात इकडचा तिकडे नाही. त्याने सही ठोकली, अहवाल मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि परत येऊन शेवटची पायरी चालवली. जुने सर्व्हर पुसायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात त्याने बायकोला फोन करून केबिनच्या पडद्यांचा रंगही ठरवून टाकला.

पावणेचारला वायरमन दारात येऊन उभा राहिला. खिशात टेस्टर, खांद्यावर केबलचं न सोडलेलं वेटोळं.

"साहेब, खालच्या नव्या सर्व्हरना लाईट जोडू का आता? ताई परवाच म्हणाल्या होत्या, साहेब सांगतील तेव्हाच जोड. तुम्ही काही बोललाच नाहीत."

त्याने स्क्रिप्ट उघडली; 'नवे सर्व्हर' या ओळीपुढे तालमीतला जुन्यांचाच पत्ता तसाच होता.

अहवाल एक. सही एक. खुर्ची एक. आणि ताईच्या पिशवीत डिस्क अठरा.