ओरखडा नसलेला पिस्टन

"स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकव, दांडा कानाला लाव. जात्यावर बसलेल्या बाईसारखं गातंय बघ!" अण्णांचा आवाज आठ वर्षांनंतरही नूतनच्या कानात होता.

अण्णांची मोटरसायकल घाटात उलटली आणि ते गेले. अहवालात लिहिलं गेलं, 'घरी बांधलेलं इंजिन, धावताना जॅम.' त्याच ओळीवर बोट ठेवून सरकारला आता अशी सगळी इंजिनं वितळवायची होती. ती न्यायला आला होता जयसिंग, अण्णांचा एकेकाळचा शागीर्द. गेली दहा वर्षं तो वेग-नियंत्रण कक्षात होता. तिथून कुठल्याही गाडीचं इंजिन दुरूनच बंद करता येई.

"दे गं नूतन, उगाच वाद नको."

नूतनने अण्णांच्या त्या मोटरसायकलच्या उघडलेल्या इंजिनातला पिस्टन त्याच्यासमोर आदळला. "जॅम झालेल्या पिस्टनवर ओरखडे असतात. तुला अण्णांनीच शिकवलं ना, जयादादा? मग दाखव एक तरी! आठ वर्षं माझ्या बापाच्या हाताला लोक नावं ठेवतायत!"

जयसिंगने पिस्टनवरून अंगठा फिरवला. तो कुठेच अडला नाही.

"इंजिन मीच बंद केलं," तो म्हणाला. "वेग जास्त होता. ते वळणावर होते, नूतन. पडद्यावर मला वळण दिसत होतं."