घड्याळकाकांची सून

"दार उघडणार नाही," ड्रायव्हरबाई म्हणाली आणि तिने हँडब्रेक ओढला.

बस शेवटच्या थांब्यावर उभी होती. समोर मोकळं मैदान, मैदानात एकच डेरेदार झाड आणि मैदानापलीकडे सगळ्यांची घरं. वर ढगांचा नुसता थयथयाट चालला होता.

"गडगडाट ऐकू येतोय तोवर वीज आपल्यापर्यंत पोचू शकते," ती म्हणाली. "मैदानात आपणच सगळ्यात उंच, आणि झाडाखाली तर त्याहून वाईट. इथे चारी बाजूंनी पत्रा आहे. वीज पडलीच तर पत्र्यावरून जमिनीत जाईल. खिडक्या लावा, दांड्या सोडा. शेवटचा गडगडाट झाला की त्यानंतर अर्धा तास, मग उतरायचं."

मागच्या बाकावर टोपी नाकापर्यंत ओढून बसलेल्या म्हाताऱ्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अर्धा तास! आणि तोही पहिल्याच दिवशी!

हे तिचे सासरे. सगळा जन्म त्यांनी याच मार्गावर गाडी चालवली. त्यांची बस दिसली की दुकानदार आपली घड्याळं लावून घेत, म्हणून लोक त्यांना घड्याळकाका म्हणू लागले. एकुलता एक मुलगा मात्र गाडीच्या बाबतीत अगदीच शंख. सायकलवरसुद्धा वळण आलं की खाली उतरायचा! काकांनी आशा सोडली होती. मग सून घरात आली आणि एक दिवस चहा गाळता गाळता म्हणाली, "बाबा, मी शिकू?" काकांनी शिकवलं. ओरडून, डोकं धरून, पण शिकवलं. आज तिची पहिली फेरी. "तुम्ही गाडीत येऊ नका हं, माझे पाय लटपटतील," असं तिने बजावलं होतं. म्हणून ही टोपी.

नव्या ड्रायव्हरविरुद्ध पहिल्या महिन्यात तक्रार गेली, की मार्ग काढून घेत आणि डेपोत गाड्या धुवायला लावत. काकांवर जन्मात एकही तक्रार झाली नव्हती. घराण्याचं नाव आज त्या बंद दाराशी अडकलं होतं.

पाऊस थांबला. चक्क ऊन पडलं. लोक घड्याळाकडे बघत, पाय आपटत बसून राहिले. शेवटी अर्धा तास संपत आला, पिशव्या उचलल्या गेल्या, दाराशी रांग लागली. आणि तेवढ्यात लांब कुठेतरी एक ढग जेवून ढेकर दिल्यासारखा गुरगुरला.

"बसा," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास."

मग काय, वीज बसमध्येच पडली!

"अहो बाई, ऊन पडलंय! डोळे आहेत ना?"

"कोंडवाडा आहे का हा?"

सगळ्यात मोठा आवाज गावातल्या शिंप्याचा. "उद्याच्या उद्या तक्रार करतो! जाशील गाड्या धुवायला!"

"करा," ती म्हणाली. आणि सरळच असलेला आरसा तिने पुन्हा सरळ केला. ते फक्त काकांना कळलं.

तेवढ्यात शिंप्याची नजर टोपीखाली गेली. "अरेच्चा, हे तर आपले घड्याळकाका! काका, तुम्हीच सांगा हो हिला. तुमच्या वेळी असं कधी झालं होतं?"

सगळ्या माना वळल्या. काका उठून पुढे आले. दारावरच्या झडपेआड एक मूठ असते. ती ओढली की ड्रायव्हरला न विचारता दार उघडतं. ओढावी, काकांना वाटलं. दोष आपल्या माथी घ्यावा. म्हाताऱ्याला कोण काय करणार? पोरीची नोकरी तरी वाचेल. त्यांनी हात वर नेला.

"काका, हात खाली घ्या."

घरी ती त्यांना बाबा म्हणत असे.

"घरी मी तुमचा शब्द मोडत नाही," ती म्हणाली. "या गाडीत माझा शब्द चालतो. मागे जाऊन बसा."

काकांचे कान तापले. बसमध्ये त्यांना असं बोलायची कुणाची आजवर छाती झाली नव्हती. त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिने नजर खाली केली नाही. आणि कसं कोण जाणे, काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. क्लच त्यांनी शिकवला होता, गिअर शिकवले होते, घाटातलं वळण शिकवलं होतं. हे त्यांनी शिकवलं नव्हतं. हे तिचं स्वतःचं होतं.

त्यांनी टोपी काढली आणि लोकांकडे वळले.

"ऐकलंत ना ड्रायव्हर काय म्हणाली ते? बसा खाली. आणि हो, ही माझी सून आहे!"

ते बसले. मग बाकीचेही बसले. कुरकुरत का होईना, पण बसले.

ढग पुन्हा गुरगुरला नाही. अर्धा तास पुरता झाल्यावर तिने दार उघडलं. मैदान उन्हात लखलखत होतं, झाड होतं तसंच उभं होतं. लोक चिखल चुकवत घरी निघाले. शिंपी सगळ्यात शेवटी उतरला.

"बघा, झालं का काही? उगाच बसवून ठेवलं!"

"काही झालं नाही, म्हणून तर दोन्ही पायांवर घरी चाललात," काका म्हणाले. "तक्रार खुशाल करा. साक्षीला मला बोलवा."

शिंपी हसला. "काका, तुमच्या गाडीवर आम्ही घड्याळं लावायचो. आज सुनेने किती उशीर केला, ते बघा तरी मनगटावर!"

काकांनी मनगटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुमचं घड्याळ लावून घ्या," ते म्हणाले. "गाडी वेळेवर आहे."